जर्मनीतील पहिले सत्र: बडोद्याहून शिकायला जाणाऱ्यांसाठी रोजच्या जगण्याची तयारी

दरवर्षी जून उजाडला की दांडिया बाजारातील आमच्या घरी ओळखीपाळखीची मुले फायली घेऊन येऊ लागतात. कोणाला आखेनला प्रवेश मिळालेला असतो, कोणाला केम्निट्झला, कोणाला माग्डेबुर्गला. त्यांच्या प्रश्नांत विद्यापीठ असते, व्हिसा असतो, कर्जाचा हप्ता असतो. पण तेथे गेल्यावर मंगळवारी संध्याकाळी काय शिजवायचे, कपडे कोठे वाळवायचे, आलेले पत्र समजले नाही तर कोणाला विचारायचे, हे सहसा कोणी विचारत नाही. मी स्वतः रूर भागातील एका शहरात पदव्युत्तर शिक्षणासाठी राहिले आणि पहिल्या सत्रात अभ्यासापेक्षा या बारीकसारीक कामांनीच मला अधिक थकवले. ती कामे मुळात अवघड नव्हती. मी ती चुकीच्या क्रमाने केली, म्हणून अवघड झाली. तेव्हा येथे क्रम धरूनच लिहीत आहे.

निघण्यापूर्वी, बडोद्यातच

पैशांपासून सुरुवात करावी. विद्यार्थी व्हिसासाठी बहुतेकांना ‘श्पेर्कोंटो’ नावाच्या खात्यात एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीच भरून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे आणि तेथे पोचून खाते सुरू केल्यावर तिच्यातून दरमहा ९९२ युरोच हाती येतात. दरमहा ठरावीक रकमेत परदेशातील शिक्षण बसवण्याची गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची जी शिष्यवृत्ती दिली, ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. मी मुलांना सांगते की, ९९२ युरोंचा कागद आधी घरी मांडा: आरोग्य विम्याचे दीडशेच्या आसपास, भाडे, किराणा, फोन, आणि विद्यापीठाचे सहा महिन्यांनी भरायचे शुल्क सहाने भागून. म्यूनिकसारख्या शहरात एका खोलीचे भाडेच यातील निम्म्याहून अधिक खाऊन टाकते, तर पूर्वेकडील लहान शहरांत बरीच मोकळीक राहते. शहर निवडताना हा फरक विद्यापीठाच्या नावाइतकाच महत्त्वाचा मानावा.

येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. श्पेर्कोंटोतील पैसे पोचल्याच्या दिवशी मिळत नाहीत. त्यासाठी बहुधा तेथील बँक खाते आणि पत्त्याची नोंद लागते, आणि त्यात कित्येक आठवडे जाऊ शकतात. याच काळात घराचे डिपॉझिटही भरावे लागते, जे कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा खर्च आणि डिपॉझिट एवढी रक्कम फॉरेक्स कार्डावर वेगळी ठेवावी.

कागदपत्रांत सर्वांत जास्त त्रास नावाचा होतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. कोणाच्या पासपोर्टात वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडलेले असते, तर गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते. जर्मन कार्यालय पासपोर्टात जसे असेल तसेच नाव धरते. म्हणून विमा, बँक, विद्यापीठ आणि घराचा करार या चारही ठिकाणी पासपोर्टातील नाव अक्षरशः जसेच्या तसे द्यावे. जन्मदाखला जुना आणि केवळ गुजरातीत असेल, तर त्याची इंग्रजी प्रत निघण्याआधी काढून घ्यावी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, लागू झाले आहे; त्याची मूळ प्रतही बरोबर न्यावी.

आता बॅग. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आत नेता येत नाहीत. याचा अर्थ घरचे तूप, पेढे, खव्याची मिठाई आणि श्रीखंड घरीच राहते. ताजा कढीलिंब, हिरव्या मिरच्या आणि आंबेही वनस्पती आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. आईने प्रेमाने बांधून दिलेला तुपाचा डबा विमानतळावर कचऱ्यात जाताना पाहणे फार वाईट असते. मी ते पाहिले आहे. त्याऐवजी गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसुले, हिंग, मोहरी, चांगले बांधलेले लोणचे आणि आपला बडोद्याचा हिरवा चिवडा खुशाल न्यावा. प्रेशर कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणारा, तीन लिटरचा न्यावा आणि शिट्टी व रिंग प्रत्येकी एक जास्तीची ठेवावी. तेथे वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. आपले दोन बारीक पिनांचे प्लग चालतात, तीन गोल पिनांचे चालत नाहीत.

याहून महत्त्वाची तयारी सवयीची आहे. निघण्यापूर्वी सलग पंधरा दिवस घरच्या घरी स्वतःचे सगळे स्वतः करून पाहावे: खंडेराव मार्केटमधून भाजी स्वतः आणावी, दोन वेळचे स्वतः रांधावे, कपडे धुवावेत, न्हाणीघर घासावे आणि रोज रात्री खर्च वहीत लिहावा. हे मी मुलांबरोबर मुलींनाही सांगते, कारण अभ्यासाच्या नावाखाली आपण दोघांनाही सारखेच हातपाय न हलवता वाढवतो. पंधरा दिवसांत कोणते काम आपल्याला येत नाही, ते कळते आणि ते शिकवायला आई-बाबा तेव्हा समोर असतात.

भाषेबाबत बडोद्याच्या मराठी मुलांनी घाबरण्याचे कारण नाही. घरात मराठी, रावपुऱ्याच्या दुकानात गुजराती आणि कॉलेजात इंग्रजी असे आपण लहानपणापासून एका दमात बोलत आलो आहोत. गुजराती आपल्याला कोणी वर्गात बसवून शिकवली नाही. ती आपण भाजीवाल्याशी बोलता बोलता उचलली, आणि जर्मनही अर्धी तशीच येते. तरी अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी जर्मनची ए-२, म्हणजे प्राथमिक, पातळी पूर्ण करूनच निघावे, कारण प्राध्यापक इंग्रजीत बोलतील, पण सरकारी पत्रे, घराचा करार आणि शेजारच्या आजींची तक्रार जर्मनमध्येच येईल.

घर शोधणे

प्रवेशपत्र हाती आले, त्याच दिवशी विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा. या संस्थेला ‘श्टुडिरेंडनवेर्क’ म्हणतात आणि तिच्या खोल्या सर्वांत स्वस्त असतात. मात्र रांग मोठी असते आणि एका आठवड्याच्या उशिरानेही एक सत्र हातचे जाऊ शकते. दुसरा मार्ग म्हणजे ‘वेगे’, म्हणजे अनेकांनी मिळून घेतलेले घर, जेथे खोली प्रत्येकाची आणि स्वयंपाकघर सर्वांचे असते.

जाहिरात वाचताना ‘काल्टमीटे’ आणि ‘वार्ममीटे’ हा भेद पाहावा. पहिले नुसते भाडे, तर दुसऱ्यात पाणी, हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट अनेकदा दोन्हींच्या बाहेर असते. मालक परदेशात आहे, किल्ली टपालाने येईल, आधी पैसे पाठवा, असे कोणी म्हणाले तर तो व्यवहार तेथेच थांबवावा. परदेशातून घर शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना फसवण्याची ही नेहमीची पद्धत आहे.

पहिले काही आठवडे तात्पुरत्या जागी राहणार असाल, तर एकच प्रश्न लेखी विचारून घ्यावा: या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का? बऱ्याच तात्पुरत्या जागा नोंदणीला नकार देतात, आणि नोंदणीवाचून पुढचे काहीच हलत नाही. खोली ताब्यात घेताना भिंतीवरील प्रत्येक डाग, खिडकीची कडी, नळ आणि गादी यांचे फोटो काढून ताबापत्रावर लिहून घ्यावे, कारण निघताना डिपॉझिट परत मिळणे याच कागदावर ठरते.

पहिले दोन आठवडे: सगळे पत्त्यावर अडते

जर्मनीत तुमचा पत्ता म्हणजे तुमच्या नावाची टपालपेटी. हे मला कोणी सांगितले नव्हते. आपल्याकडे टपाल आले की पोस्टमन शेजाऱ्यांना विचारतो, दुकानदाराला विचारतो, आणि ‘दुसऱ्या मजल्यावरचे’ एवढ्यावरही पत्र घरी पोचते. तेथे पेटीवर नाव नसेल, तर पत्र परत जाते. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव होते आणि ते बदलायला हवे हे मला सुचले नाही. कर क्रमांकाचे पत्र, बँकेचे कार्ड आणि कार्डाचा गुप्त क्रमांक, जे तिन्ही वेगवेगळ्या दिवशी यायचे होते, ते एकेक करून परत गेले आणि मी महिनाभर सगळीकडे ‘पत्र आले नाही’ असे सांगत फिरले. शेवटी मजल्यावरच्या एका मुलीने मला खाली नेले, पेटीवर बोट ठेवले आणि स्वतःच्या वहीचा कागद कापून त्यावर माझे आडनाव लिहून चिकटवले. म्हणून किल्ली मिळाल्याबरोबर, बॅग उघडण्याआधी, पेटीवर आणि दाराच्या बेलवर आपले आडनाव लावावे.

त्यानंतर ‘आनमेल्डुंग’, म्हणजे नगर कार्यालयात रहिवासाची नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. तिच्यासाठी पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेले राहत असल्याचे पत्र लागते. नुसता भाडेकरार चालत नाही. मोठ्या शहरांत वेळ मिळायला आठवडे लागतात, त्यामुळे पत्ता ठरला असेल तर बडोद्यातूनच संकेतस्थळावर वेळ घेऊन ठेवावी. नोंद झाल्यावर मिळणारा कागद जपावा, कारण बँक तोच मागते. मग बँक खाते उघडावे, त्याचा क्रमांक श्पेर्कोंटोला कळवावा, आणि दरमहाची रक्कम सुरू करावी.

आरोग्य विमा मात्र याआधीच ठरलेला असावा, कारण त्याशिवाय विद्यापीठात नाव दाखल होत नाही. वय ३० वर्षांच्या आत असेल तर सार्वजनिक विम्याचा विद्यार्थी दर मिळतो. खासगी विमा पहिल्या वर्षी स्वस्त दिसतो. परंतु तो घेऊन सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. माझे मत स्पष्ट आहे की, ज्याला सार्वजनिक विमा मिळतो त्याने तोच घ्यावा.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत एक अनपेक्षित पत्र येते. ते सार्वजनिक प्रसारणाच्या शुल्काचे असते: महिना १८.३६ युरो, मग घरात दूरदर्शन संच असो वा नसो. अनेक मुले ते जाहिरात समजून फेकतात आणि पुढे थकबाकीची पत्रे येतात. हे शुल्क माणशी नसून घरटी आहे, त्यामुळे ‘वेगे’मध्ये एकाने भरून बाकीच्यांत वाटून घ्यावे. आलेले प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडावे, फोनवर भाषांतर करून वाचावे आणि तारीख लिहून फाइलीत लावावे.

व्हिसाची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी, शक्यतो पहिल्या महिन्यातच, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे निवास परवान्याचा अर्ज करावा. अर्ज मुदतीत केलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत तुमचे राहणे कायदेशीर राहते. म्हणून अर्ज पोचल्याचा पुरावा छापून ठेवावा.

स्वयंपाकघर

तेथील साध्या किराणा दुकानात आपल्याला लागणारे बरेच काही दुसऱ्या नावाने मांडलेले असते. ‘रोटे लिन्झेन’ म्हणजे मसुराची डाळ. ती भिजवल्याशिवायही वीस मिनिटांत शिजते. ‘ग्रीस’ म्हणजे रवा. ‘बुटरमिल्ख’ हे ताक कढीला चालते, आणि ‘बुटरश्माल्झ’ हे कढवलेले लोणी म्हणजे जवळजवळ आपले तूपच, त्यामुळे ते घरून न नेल्याची हळहळ करू नये. ‘क्वार्क’, म्हणजे चक्क्यासारखा मऊ दुग्धपदार्थ, हा तर मला सापडलेला सर्वांत मोठा ठेवा. तो पातळ फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगला, सकाळी साखर, वेलची आणि दुधात खललेले केशर घालून घोटला की पाडव्याला श्रीखंड तयार होते. स्निग्धांश ४० टक्के लिहिलेला डबा घ्यावा. पोळ्यांसाठी कणीक भारतीय किंवा तुर्की दुकानात मिळते.

फोडणी जपून करावी. बहुतेक खोल्यांत छताला धुराची सूचना देणारे यंत्र असते. मी पहिल्याच रविवारी खिडकी बंद ठेवून लाल मिरचीची फोडणी केली आणि अर्ध्या मिनिटात सगळा मजला खोकत बाहेर आला. विजेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते, हे मला ठाऊक नव्हते. तेल तापले म्हणून बटण फिरवले, तरी ते तापतच राहिले. म्हणून खिडकी सताड उघडून, तेल बेताचे तापवून, भांडे शेगडीवरून खाली घेऊनच मोहरी घालावी आणि झाकण हाताशी ठेवावे.

रविवारी दुकाने बंद असतात, सणाच्या सुट्टीलाही असतात. शनिवारी दुपारपर्यंत आठवड्याचा बाजार करून, संध्याकाळी डाळ, उसळ आणि भाजीचा मसाला शिजवून डब्यांत भरून ठेवला, तर आठवडाभर अर्ध्या तासात जेवण होते. दुपारी विद्यापीठाच्या ‘मेंझा’त, म्हणजे भोजनालयात, जेवावे. तेथे शाकाहारी पदार्थ रोज असतात आणि वर्गातली ओळख जेवणाच्या ताटावरच होते. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. विकतच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली दुकानातील यंत्रात परत दिली की ती मिळते.

खोली, कचरा आणि शेजार

रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात. या वेळांत मिक्सर, धुलाई यंत्र आणि मोठ्याने फोन टाळावा. कचरा वेगळा टाकावा: वेष्टने पिवळ्या पेटीत, कागद, ओला कचरा आणि उरलेला प्रत्येकी आपापल्या पेटीत, काच रस्त्यावरील टाकीत रंगाप्रमाणे.

हिवाळ्यात खोली बंद ठेवून आत कपडे वाळवले, तर भिंतीला बुरशी येते आणि डिपॉझिट त्यात जाते. थंडी कितीही असली तरी दिवसातून दोन-तीन वेळा खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळवावी आणि मग बंद करावी. हीटरच्या चकतीवरील ३ हा आकडा साधारण २० अंशांचा असतो. तो पाचावर नेल्याने खोली लवकर तापत नाही, बिल मात्र वाढते.

अभ्यास आणि काम

हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. वेळापत्रकावर वेळेपुढे ‘सी. टी.’ लिहिले असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर बरोबर त्याच वेळी. एका सत्राला साधारण ३० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि एका श्रेयांकाचा अर्थ २५ ते ३० तासांचे काम, त्यातील बरेचसे वर्गाबाहेरचे. हजेरी बहुधा कोणी घेत नाही, म्हणून दिवस मोकळा वाटतो आणि जानेवारीत एकदम अंगावर येतो.

परीक्षेची नोंदणी वेगळी, ठरलेल्या मुदतीत, स्वतः करावी लागते. वर्गाला बसलो म्हणजे परीक्षेला नाव लागलेच, असे नसते. पहिल्या सत्रात ही मुदत चुकवणारी मुले मी दरवर्षी पाहते. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात. गुणांत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण, हे घरी आधीच समजावून सांगावे, १.७ ऐकून एका बाबांची झोप उडाली होती.

कामाला मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे, पण सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांवर गेल्यास विद्यार्थी म्हणून मिळणारी विम्याची सवलत धोक्यात येते. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. त्याहून कमी, रोख आणि विनाकागद काम देणाऱ्याकडे जाऊ नये. पहिले सत्र शक्यतो कामाशिवाय काढावे. नंतर प्राध्यापकांच्या विभागात साहाय्यकाचे काम मिळाले तर अभ्यासालाही धरून राहते.

आजारपण, अंधार आणि घरचा फोन

तब्येत चांगली असतानाच जवळच्या ‘हाउसआर्त्स्ट’कडे, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवून ठेवावे. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. दवाखाना बंद असताना ११६११७ आणि जिवावर बेतले असेल तर ११२ हे क्रमांक फोनमध्ये भरून ठेवावेत.

डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि दुपारी साडेचारला अंधारून येते. बडोद्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे सर्वांत अवघड जाते, आणि त्यात नवरात्र नेमके पहिल्या आठवड्यांत येते, जेव्हा ओळखीचे कोणी नसते आणि फोनवर सगळ्यांचे गरब्याचे फोटो येत असतात. अशा वेळी खोलीत बसू नये. रोज दुपारी उजेड असताना अर्धा तास बाहेर चालावे, विद्यापीठाच्या क्रीडा विभागात आठवड्यातून दोन संध्याकाळी नाव घालावे, आणि मन फारच जड झाले तर विद्यार्थी सेवा संस्थेच्या समुपदेशकांकडे बेलाशक जावे. त्यांना परदेशी विद्यार्थ्यांचे हे दुःख रोजचे आहे.

घरी फोन करण्याचे वार आणि वेळ निघण्याआधीच ठरवावी, रोज नाही, आठवड्यातून तीनदा. उन्हाळ्यात जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. तेथे संध्याकाळी साडेसहाला केलेला फोन सप्टेंबरात बडोद्यात रात्री दहाला पोचतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात आणि तोच फोन अकरा वाजता वाजू लागतो. तेव्हा आदल्या शनिवारीच घरी सांगून ठेवावे, नाहीतर आई दहा वाजल्यापासून फोन हातात घेऊन बसून राहते.